सड्यावरची अकरा घरं

"अजून किती घरं राहिली?" कपिलनं विचारलं.

"अकरा."

"कालही अकराच होती."

"कालही आपण इथंच बसलो होतो."

त्याला आकडा पाठ होता. गेले सहा दिवस सकाळचा चहा झाला की तो हा प्रश्न विचारायचा, मी उत्तर द्यायचे, आणि मग आम्ही चौघं शाळेच्या व्हरांड्यातून धक्क्याकडे बघत बसायचो. धक्क्याला लाँच बांधलेली होती. तिच्या मागच्या अंगाला लाँचवाले तात्या घोटाभर गाळात उभे राहून विडी ओढत होते. तात्या विडी ओढताहेत म्हणजे शाफ्ट अजून आलेला नाही, एवढं आम्हाला आता लांबून कळायचं.

उंबरघर हे गाव धरणाच्या पाण्याच्या पलीकडे आहे. मागं तीस किलोमीटर जंगल, त्यात गवे आणि अस्वलं. रस्ता नाही. पुढं पाणी. लाँचनं गेलं तर पावणेदोन तासांत मोटारीचा रस्ता लागतो. आमचं काम संपत आलं तसे तात्या आम्हाला न्यायला आले, पण मे महिन्यात पाणी खूप उतरलं होतं, आणि धक्का हाकेच्या अंतरावर असताना लाँच पाण्यातल्या एका खोडावर आपटली. पंख्याचा शाफ्ट वाकला.

"आमच्याच चुलत्याचा आंबा," तात्या म्हणाले होते. "गाव पाण्यात गेलं तवा समदी म्हणत हुती, झाडं तोडा, लाकडं तरी हुतील. चुलता म्हणला, माझ्या आंब्याला हात लावायचा न्हाई. आता मेला म्हातारा, पर आंबा हाय अजून आडवा."

गावातली एकुलती एक होडी शाफ्ट घेऊन पलीकडे गेली होती. तो साताऱ्याला लेथवर सरळ करून आणायचा. आज येईल, उद्या येईल, असं करत सहा दिवस.

एका संस्थेनं आम्हाला अकरा महिन्यांच्या करारावर घेतलं होतं. धरणाच्या काठच्या गावांसाठी दवाखान्याची लाँच सुरू व्हायची होती. डॉक्टर, नर्स, औषधं असं सगळं घेऊन ती दर गुरुवारी पाण्यावरून फिरणार. ती कुठं थांबणार आणि नर्सनं कुठल्या वाडीवर चढून जायचं, हे आमच्या फॉर्मांवरून ठरणार होतं. घरटी एक पांढरा फॉर्म, दोन पानांचा. घरात गरोदर बाई असेल किंवा वर्षाच्या आतलं मूल असेल तर वर एक पिवळा फॉर्म. चार पानं. वजन, दंडाचा घेर, आधीची बाळंतपणं, अंगठा.

पिवळा फॉर्म भरून झाला की त्या बाईला एक वाक्य म्हणून दाखवायचं होतं. प्रशिक्षणात आमच्याकडून ते घोकून घेतलं होतं, कारण या भागातल्या बाया आठव्या महिन्यातही डोंगर उतरून यायच्या आणि ते थांबवायचं होतं. "ताई, तुमचं नाव लिहून घेतलंय. आता तुम्ही धक्क्यावर यायची गरज नाही. नर्सबाई तुमच्या घरी येतील." उंबरघरात पाच बाया निघाल्या. पाचही जणींना मी ते वाक्य म्हटलं होतं.

गावातली अठ्ठेचाळीस घरं आम्ही चार दिवसांत नीट केली. राहिला तो वरचा धनगरवाडा. गावाच्या डोक्यावर डोंगर, आणि डोंगराच्या माथ्यावर कातळाचं पठार. त्याला तिकडं सडा म्हणतात. सड्यावर अकरा घरं.

"अडीच तासांची चढण आहे," कपिल म्हणायचा. तो कधी चढला नव्हता. "आपण वर असताना शाफ्ट आला, तर? तात्या थांबतील? वारं सुटायच्या आत निघायचं असतं त्यांना. मग बसा परत आठवडाभर."

ते कुणालाच खोडून काढता येत नव्हतं. म्हणून आम्ही रोज लाँचची वाट बघायचो आणि लाँचची वाट बघत असल्यामुळे वर जायचो नाही. आज हे लिहायला बसल्यावर हसू येतं. तेव्हा ते अगदी बरोबर वाटत होतं.

कपिल शेलार वाईचा, मेकॅनिकल इंजिनिअर. त्यानं त्रेचाळीस मुलाखती दिल्या होत्या. चव्वेचाळिसावी ही, आणि हिच्यात पास झालो म्हणजे कंपनीतच काहीतरी खोट असणार, असं तो म्हणायचा. इम्तियाज मुल्ला उंब्रजचा, इतिहासात एम.ए. दोन वर्षं राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेत थोडक्यात राहिला होता. किती मार्कांनी ते कुणी विचारलं की उठून बाहेर जायचा. सुवर्णाताई आमच्यात मोठी, एकोणतीस वर्षांची. समाजकार्याची पदवी, आणि याआधी तीन संस्थांमधली नोकरी. तिन्हीकडं आपण फक्त फोटो काढले, असं ती सांगायची. आणि मी. हर्षदा. संख्याशास्त्रात एम.एस्सी., पहिला वर्ग. जाहिरातीत 'डेटा' हा शब्द होता म्हणून अर्ज केला होता. कोरेगावला घरी दोन स्थळं माझ्या होकारासाठी थांबलेली होती, आणि कराराला मुदतवाढ मिळाली तर मला आणखी वर्षभर "नोकरी आहे" म्हणता येणार होतं. मुदतवाढ कुणाला, तर ज्यांचे संच वेळेत आणि पूर्ण येतील त्यांना.

सहाव्या दिवशी सकाळी सुवर्णाताई ऑफिसला फोन करायला खडकावर जाऊन आली. गावात त्या एकाच खडकावर फोनला रेंज यायची.

"सर म्हणतात सोमवारी अकरा वाजता खिडकी बंद," ती म्हणाली. "गाव आणि वाडी मिळून एक संच. अर्धा संच घेणार नाहीत. अर्धा आणला तर उंबरघर यादीतून बाहेर."

"म्हणजे अख्खं गाव?" इम्तियाजनं विचारलं.

"अख्खं."

कपिल उठून बसला. "थांबा. म्हणजे वरच्या अकरा घरांपायी खालची अठ्ठेचाळीस घरं घालवायची? त्या पाच बायांचं काय? आपणच सांगून आलोय ना त्यांना, नर्सबाई येतील म्हणून?"

"मग वर जाऊ या आत्ता," इम्तियाज म्हणाला.

"आत्ता? नऊ वाजलेत. पोचेपर्यंत बारा. तात्या काय म्हणाले होते? तात्या!" कपिल ओरडला. "वर दुपारी माणसं भेटतात का?"

"कशाची भेटत्यात?" तात्या खालून म्हणाले. "गुरं घिऊन समदी पाण्याला गेल्याली असत्यात. सांजच्याला येत्यात."

"ऐकलं?"

इम्तियाजनं पायात बूट घातले होते, ते तसेच ठेवून तो भिंतीला टेकून बसला.

कपिलनं पिशवीतून मतदारयादीची झेरॉक्स काढली. संस्थेनंच दिलेली होती, घरं शोधायला सोपं जावं म्हणून. त्यात सड्यावरची अकरा कुटुंबं होती, नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय.

"मोठी माणसं तर सरकारनंच मोजून दिलीत," तो म्हणाला. "राहिली पोरं. ती आपण देऊ."

"देऊ म्हणजे?" सुवर्णाताईनं विचारलं.

"दत्तक, ताई. बोला, धाकू आखाडे, वय अठ्ठावीस. बायको सगुणा, तेवीस. यांना काय देऊ?"

मी हसले. ते मला आठवतं, की पहिली मी हसले. सहा दिवस कुणी काही नवं बोललं नव्हतं.

"एक मुलगा दे," मी म्हटलं. "चार वर्षांचा."

"नाव?"

"गणेश."

"अठ्ठेचाळीस घरांत नऊ गणेश झालेत."

"मग दहावा."

त्यांना आम्ही गणेश दिला आणि पाठीवर मंगल दिली. शेजारच्या विठू आखाडेला तीन मुली दिल्या, कारण कपिल म्हणाला, याचं नशीब असंच दिसतंय. बायजाबाई ढेबे एकटीच होती यादीत, वय सत्तर. तिच्याकडं एक नातू ठेवला.

"बिचारीला पाणी कोण आणून देणार?" कपिल म्हणाला.

"पण हे असं चालणार नाही," मी म्हटलं. "तू सगळ्यांची वयं खरी वाटणारी लिहितोयस. म्हणूनच ती खोटी वाटतील."

"म्हणजे?"

"खेड्यात लोक वय गोल सांगतात. पस्तीस, चाळीस, पन्नास. खाली बघ ना, किती शून्य आणि पाच आलेत. वर सगळे सदतीस आणि त्रेचाळीस आले तर कुणालाही कळेल."

"देवा," कपिल हात जोडून म्हणाला. "एम.एस्सी. कामाला आली."

खरोखरच आली. पुढचे दोन तास मी ते फॉर्म बसवले. मुलांची वयं, आईचं वय आणि पहिल्या मुलाचं वय यांतलं अंतर, शाळेत जाणारी किती, न जाणारी किती, दोन घरांत एकेक अपंग. तीन वेगळी पेनं घेतली. इम्तियाजचं अक्षर तिरकं होतं म्हणून त्याच्यापुढं चार फॉर्म सरकवले. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि लिहायला घेतले. विद्यापीठात शिकलेलं इतक्या मन लावून मी कधीच वापरलं नव्हतं.

"गरोदर किती?" कपिलनं विचारलं.

"एकीला धरलं तरी पिवळा फॉर्म आला," मी म्हटलं. "चार पानं. अंगठा कुणाचा लावणार?"

"मग?"

मी मागच्या पानावर हिशेब केला. खाली अठ्ठेचाळीस घरांत पाच. त्या मानानं अकरा घरांत एकही नसण्याची शक्यता जवळजवळ तीस टक्के.

"शून्य चालेल," मी म्हटलं. "तिनात एकदा शून्य येऊ शकतं."

"मॅडमनी सांगितलं, शून्य."

प्रत्येक संचाच्या शेवटच्या पानावर चौघांच्या सह्या लागायच्या. आम्ही तिघांनी केल्या. सुवर्णाताई इतका वेळ मुलांच्या वर्गात चटईवर आडवी होती. ती काहीतरी बोलेल असं मला वाटत होतं, निदान रागावेल. ती उठून आली, पान उलटसुलट करून बघितलं.

"माझी कुठं करायची, तेवढं दाखव," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला शाफ्ट आला. तात्यांनी आणि कपिलनं मिळून तो बसवला. कपिल त्या दिवशी कधी नव्हे तो शांत होता. कोपरापर्यंत ग्रीस लागलेलं, आणि मध्येच तात्यांना "आता धरा, सोडू नका, आता फिरवा" असं सांगत होता. नऊच्या सुमारास इंजिन लागलं. तात्या म्हणाले, बसा पटापटा, ह्ये बंद पडलं तर पुना लागंल का न्हाई सांगता यायचं न्हाई. सामान शाळेत पसरलेलं होतं. तिघं धावत ते आणायला गेली. फॉर्मांची पिशवी माझ्याजवळ होती म्हणून मी धक्क्यावरच थांबले.

ती तेव्हा आली. डोंगराच्या बाजूनं, गाळाच्या कडेकडेनं. अंगावर जांभळं लुगडं, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात ताकाची कासंडी. अंगकाठी इतकी बारीक की पोट तेवढं आधी दिसलं. सातवा असावा.

"नावं लिवणाऱ्या बाई तुमीच का वो?" तिनं विचारलं.

"हो."

"मी वरली. सड्यावरली. मामंजी म्हणलं, खाली नावं लिवत्यात, वर येतील येतील म्हणून आठ दिस वाट बगितली. कोण आलं न्हाई. म्हणलं आपुनच जावं." तिनं कासंडी खाली ठेवली आणि कमरेवर हात टेकून श्वास घेतला. "लई जपून उतरले बगा. पाय घसारतोय कातळावर."

"तुमचं नाव?"

"सगुणा धाकू आखाडे."

मी पिशवीत हात घातला. ते फॉर्म सगळ्यात वर होते. तिच्या घराचा काढला आणि तिच्यापुढं धरला. नाव आणि नवऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात होतं. त्याखाली गणेश आणि मंगल होते, त्या ओळींवर माझा अंगठा होता.

"हे बघा. सगुणा धाकू आखाडे. लिहिलंय तुमचं नाव."

तिला वाचता येत नव्हतं, पण ती वाकून अक्षरांकडं बघत राहिली. मग हसली. पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता.

"कुणी सांगितलं तुमाला?"

"यादीत होतं."

"आन् ह्येचं?" तिनं पोटावर हात ठेवला. "ह्येचं बी लिवलंय?"

मागं इंजिन चालू होतं. तात्या "ताई, चला" म्हणून ओरडत होते. शाळेकडून तिघं बॅगा घेऊन येताना दिसत होती. पिवळे कोरे फॉर्म पिशवीच्या तळाशी होते. पंधरा मिनिटांचं काम. पण पिवळा फॉर्म जोडायचा तर पांढऱ्यावरचा शून्य खोडावा लागणार, गोषवाऱ्यातला शून्य खोडावा लागणार, आणि गणेश-मंगल खोडावे लागणार. एक फॉर्म खरा झाला तर बाकीच्या दहांकडं कुणीतरी बघणार. हे सगळं मला एकदम दिसलं, एखादं गणित पायऱ्या न लिहिता सुटावं तसं.

"हो," मी म्हटलं.

"अंगठा न्हाई का लावायचा? खालच्या बायांचा घितला म्हणं."

"तुमचा नाही लागत."

आणि मग ते वाक्य माझ्या तोंडातून आलं. मी ते ठरवून म्हटलं नाही. पाचदा म्हटलेलं होतं, सहाव्यांदा आपसूक आलं. "ताई, तुमचं नाव लिहून घेतलंय. आता तुम्ही धक्क्यावर यायची गरज नाही. नर्सबाई तुमच्या घरी येतील."

"वर? आमच्या घरी?"

"हो."

"बरं झालं बाई." तिनं कासंडी उचलली. "ताक घ्या की वाईच. चौघांना पुरंल."

मी बाटलीत ताक घेतलं.

लाँच निघाली तेव्हा ती धक्क्यावरच उभी होती. हात वगैरे केला नाही. नुसती बघत होती, माणसं जाताना बघतात तशी. इम्तियाज माझ्याशेजारी येऊन बसला.

"कोण होती?"

"वरची. नाव विचारायला आली होती."

"वरची?" तो धक्क्याकडं बघायला लागला. बघता बघता त्याला कळलं, ते मला त्याच्या मानेवरून कळलं. "मग काय सांगितलंस?"

"लिहिलंय म्हणून सांगितलं."

तो म्हणाला, "परत फिरवू या का? मी उतरतो. पिवळा फॉर्म दे. मी चालत येईन पाहिजे तर जंगलातून."

"सोमवारी ऑफिसात दुरुस्त करू," मी म्हटलं. "तिथं शांतपणे करता येईल."

"नक्की?"

"नक्की."

त्यानं ते मानलं. त्याला मानायचं होतं, आणि मलाही. ताक आंबट नव्हतं. कपिलनं अर्धी बाटली एकट्यानं संपवली.

सोमवारी साडेदहाला आमचा संच खिडकीत गेला. सरांनी पानं चाळली आणि बाहेर येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, पहिला पूर्ण संच उंबरघरचा, यातला हर्षदाचा गोषवारा सगळ्यांनी बघून घ्या, असा स्वच्छ पाहिजे. इम्तियाज कोपऱ्यात उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी गोषवाऱ्याकडं बघत होते. पुढच्या आठवड्यात त्यानं राजीनामा दिला, अभ्यासाचं कारण सांगून. कपिलला जुलैमध्ये पुण्यात नोकरी लागली. सुवर्णाताई राहिली. मला मुदतवाढ मिळाली.

ऑक्टोबरात फेरतपासणी होती. शंभरातली पाच घरं पुन्हा जाऊन बघायची. उंबरघरसाठी सरांनी मलाच पाठवलं, तुझं गाव तूच कर म्हणून. आता पाणी काठोकाठ होतं, चुलत्याच्या आंब्यावरून लाँच सहज गेली. तात्यांनी तो आंबा मला बोट करून दाखवला, तरी पाण्याशिवाय काही दिसलं नाही.

"तात्या, ती वरची सगुणा," मी विचारलं. "ताक घेऊन आली होती बघा, आपण निघालो तेव्हा."

"धाकूची ना? गेली की ती. आखाडात." ते सुकाणू धरून समोर बघत होते. "रातीपासनं अडली हुती. वर धुकं, पाऊस. सकाळी डोलीत घालून आणली खाली. धक्क्याला टेकवली आन् संपली. पोरगी जगली. हाय आजीपाशी."

"दवाखान्याची लाँच यायची ना?"

"येतीया की. दर गुरवारी येतीया. पाऊस असू दे, वारं असू दे, अजून चुकली न्हाई. खालच्या बाया समद्या सुखरूप सुटल्या. पर नर्सबाई वर जात न्हाईत. त्यांच्या कागदात वरची वाडी न्हाई म्हणं."

"मग ती खाली यायची की," मी म्हटलं. "दर गुरुवारी. मे महिन्यात आली होती ना उतरून."

"आमी बी सांगितलं व्हतं धाकूला. बायकूला म्हणलं खाली आणून ठेव म्हैनाभर, माझ्या घरी ठेव." तात्यांनी इंजिन जरा हळू केलं, समोर पाण्यात जाळ्याचे डबे तरंगत होते. ते गेल्यावर परत वाढवलं. "तीच तयार न्हवती. म्हणायची, माझं नाव लिवलंय, मी डोळ्यांनी बगितलंय. बाई घरी येणार हायेत. आन् मी खाली गेल्यावर त्या वर आल्या, तर?"

मी धक्क्यावर उतरले आणि चढायला लागले. यादीत माझ्या वाट्याला सड्यावरचं एकच घर होतं आणि ते धाकूचं नव्हतं. मी अकराही केली. गुरं घेऊन गेलेली माणसं परत येईपर्यंत थांबले. धाकूच्या आईनं मांडीवरच्या मुलीचं अंगडं वर करून मला तिचा दंड मोजू दिला. अकरा सेंटिमीटरला जरा कमी. शेळीचं दूध पाजत होती. पिवळ्या फॉर्मवर 'आईचे नाव' अशी जागा असते, तिथं मी सगुणा धाकू आखाडे असं लिहिलं. म्हातारीनं अंगठा लावला. त्या घरात गणेश नव्हता, मंगल नव्हती. मुलीचं नाव अजून ठेवलेलं नव्हतं.

खालून वर चढायला मला एक तास चाळीस मिनिटं लागली होती. मध्ये दोनदा बसूनही.

ऑफिसात सरांनी मे महिन्यातला गोषवारा आणि हा पिवळा फॉर्म शेजारी ठेवले.

"इथं शून्य आणि इथं तीन महिन्यांचं मूल," ते म्हणाले. "म्हणजे मे महिन्यात ती गरोदर होती."

"हो सर."

"सांगितलं नसेल तिनं. लपवतात लोक, दृष्ट लागेल म्हणून. वाडी यादीत घालू आता." त्यांनी शेरा लिहिला आणि वर बघितलं. "असंच ना?"

"हो सर," मी म्हटलं.

नोव्हेंबरपासून नर्सबाई सड्यावर जायला लागल्या. दंडाचा घेर पुढच्या वेळी बारा आला, मग साडेबारा. पुढं मी ती नोकरी सोडली, लग्न झालं, साताऱ्याला आले.

याला नऊ वर्षं झाली. आता माझी मुलगी चौदा महिन्यांची आहे. सासूबाई म्हणतात, हिला रात्रंदिवस पोरीचीच काळजी, जरा कोमट लागलं की थर्मामीटर. मुलीच्या लशींचं कार्ड मी दारामागच्या खिळ्याला अडकवलंय आणि एक झेरॉक्स पर्समध्ये असते.

गेल्या मंगळवारी आरोग्य केंद्रातली एक मुलगी दारात आली. विशीतली, कॉलेज नुकतंच संपलेलं असावं. घाम पुसत, हातात टॅब.

"बाळाचं नाव, काकू?"

मी सांगितलं. जन्मतारीख सांगितली. राहिलेला डोस सांगितला.

"दाखव काय लिहिलंस," मी म्हटलं.

"लिहिलंय ना, काकू."

"तरी दाखव."

तिनं टॅब माझ्याकडं फिरवला, पण तिचा अंगठा पडद्याच्या खालच्या भागावर होता. मी तो हळूच बाजूला केला आणि खालपर्यंत वाचलं. सगळं बरोबर होतं. तिला माझा राग आला असावा. उन्हातून आली होती, अजून अर्धी गल्ली राहिली होती.

"झालं बघा," ती म्हणाली. "नाव लागलंय. आता तुम्ही केंद्रावर यायची गरज नाही. सिस्टर घरी येतील."

"बरं," मी म्हटलं.

ती शेजारच्या दारात जाईपर्यंत थांबले. मग खिळ्यावरचं कार्ड काढलं, मुलीला कडेवर घेतलं आणि चपला घातल्या.

"आत्ता कुठं उन्हाची?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"केंद्रावर."

"अगं, येणार आहेत ना त्या घरी?"

मी जिना उतरायला लागले होते. केंद्र आमच्या घरापासून बारा मिनिटांवर आहे.